दोघांचा गेम, एकाचा माळा

कोथरूडमधली एक तीन मजली सोसायटी पुनर्विकासाला गेली. घरं रिकामी करायची तारीख ठरली, भाड्याचे चेक हातात आले आणि वर्षानुवर्षं कुणी न उघडलेले माळे एकदम खाली उतरवायची वेळ सगळ्या बिऱ्हाडांवर आली. त्यातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका घराचं हे प्रकरण. घरात थोरला मुलगा, त्याची बायको, त्यांची शाळकरी मुलगी आणि आई. धाकटा बरीच वर्षं डब्लिनला नोकरीला. वडील जाऊन काही वर्षं झाली. माळ्यावर मोदकपात्र आणि गौरीच्या मुखवट्यांचा डबा यांच्या मागे दोन मोठी खोकी होती. या घरात १९९० च्या दशकापासून आलेले सगळे व्हिडिओ गेम त्यांत भरलेले होते.

थोरला माझा शाळेपासूनचा मित्र. जुनी कन्सोल, म्हणजे व्हिडिओ गेमची यंत्रं, उघडून दुरुस्त करायची मला हौस आहे, म्हणून त्याने बोलावलं. त्याचं म्हणणं सरळ होतं: ‘यातलं विकण्यासारखं काय ते सांग, उरलेलं भंगारात घालतो.’ घर हलवायच्या घाईत असलेल्या माणसाचं याहून वेगळं म्हणणं असणार नाही. पण खोकी उघडून एकेक वस्तू जमिनीवर मांडायला लागलो, तेव्हा तो प्रत्येक वस्तूबरोबर एकेका माणसाचं नाव घ्यायला लागला. हा बाबांनी आणला, हा मामाने पाठवला, याचे पैसे आम्ही दोघांनी जमवले. किमतीचं नंतर बघू, आधी कुठली वस्तू कुणाची ते ठरवू, असं मी तिथेच म्हटलं. घरच्यांना विचारून, नावं गाळून हे लिहितो आहे, कारण हीच अडचण मी आणखी कितीतरी घरांत पाहिली आहे आणि बहुतेक ठिकाणी ती कुणी बोलूनच दाखवत नाही.

खोक्यांत काय होतं

सगळ्यात जुना ‘सामुराई’. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्याकडे घराघरांत आलेला आठ-बिटी टीव्ही गेम, निन्टेन्डोच्या घराण्यातला. वडिलांनी बोनसच्या पैशांतून आणलेला. सोबत पिवळ्या, लाल, काळ्या कॅसेटी, त्यांत ‘कॉन्ट्रा’, रणगाड्यांचा ‘बॅटल सिटी’ (याला सगळी मुलं ‘टँक’च म्हणायची), आणि ‘९९९९९९ इन १’ असं छापलेली एक कॅसेट, जिच्यात खरे गेम मोजकेच आणि तेच फिरवून फिरवून दिलेले. बदकं मारायची बंदूकही होती.

त्यानंतरचा सेगा मेगा ड्राइव्ह. याची भारतातली कथा सांगण्यासारखी आहे. १९९५ मध्ये सेगाने इथल्या वितरणासाठी शॉ वॉलेसशी करार केला. हो, मद्याच्या धंद्यातली शॉ वॉलेस. तेव्हा परदेशी कन्सोलवर ८० टक्के आयात शुल्क होतं आणि त्यातून वाट काढायला हा करार झाला. तरीही मेगा ड्राइव्हची किंमत १८,००० रुपये. त्या वर्षी बँकेतल्या कारकुनाच्या घरात ही रक्कम म्हणजे कित्येक महिन्यांचा पगार. त्यामुळे या घरात तो नवा आलाच नाही. खालच्या मजल्यावरचे एक जण आखातात नोकरीला निघाले, त्यांच्याकडून दोघा भावांनी वाढदिवसाचे आणि खाऊचे पैसे एकत्र करून तो सेकंडहँड घेतला.

पुढे सोनीचा छोटा पांढरा पीएस वन (प्लेस्टेशन), ‘चिप मारलेला’, म्हणजे नकली सीड्याही चालाव्यात म्हणून आत चिप बसवलेला. त्याच्यासोबत चेनचं सीडी पाऊच, मार्करने नावं लिहिलेल्या सीड्यांनी गच्च. मग पीएस टूचं सडपातळ मॉडेल, दोन मेमरी कार्डांसह. एक पीएसपी, सोनीचाच हातात धरून खेळायचा गेम. आणि मामाने दुबईहून धाकट्याला पाठवलेला गेम बॉय कलर, निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा गेम, त्यात ‘पोकेमॉन गोल्ड’ची अस्सल कॅसेट.

खोक्याच्या तळाशी वायरींचा गुंता, तीन अ‍ॅडाप्टर, बटणं अडकणारे रिमोट आणि उंदराने कुरतडलेली एक एव्ही केबल.

डब्लिनचा फोन

थोरल्याने धाकट्याला काहीच कळवलं नव्हतं. त्यात लपवाछपवी नव्हती. त्याच्या मते माळा त्याचा, घर रिकामं करायचं काम त्याचं, तेव्हा निर्णयही त्याचाच. शिवाय जुन्या बाजारातल्या एका व्यापाऱ्याने सगळ्या खोक्यांची मिळून एक रक्कम सांगितलेली होती आणि ‘रविवारी टेम्पो घेऊन येतो’ असंही सांगून ठेवलं होतं.

मी त्याला म्हटलं, आधी फोन लाव. व्हिडिओ कॉलवर धाकट्याला जमिनीवर मांडलेला सगळा पसारा दाखवला, आणि व्हायचं तेच झालं. तो म्हणाला, ‘काही विकू नको.’ थोरला म्हणाला, ‘मग तू ये आणि घेऊन जा.’ दोघांचा आवाज चढला. मेगा ड्राइव्हमध्ये कुणाचे किती पैसे होते यावर दोन कर्ते पुरुष, एकाचे केस पांढरे व्हायला लागलेले, दहावी-बारावीतल्या पोरांसारखे भांडले.

माझं मत असं की दोघांचंही बरोबर होतं, आणि अशा प्रकरणात ते मान्य करूनच पुढे जावं लागतं. आपल्याकडे व्हिडिओ गेम बहुधा एका मुलासाठी येत नाही. तो ‘मुलांसाठी’ येतो. पुढे एक मूल शिकायला, नोकरीला बाहेर जातं, दुसरं घर सांभाळतं, आणि वस्तू घर सांभाळणाऱ्याच्या माळ्यावर राहते. तिच्यावर हक्क दोघांचा, ती सांभाळायचा भार मात्र एकाचा. वीस वर्षं ज्याने खोकी इकडची तिकडे केली, रंगकामात झाकून ठेवली, त्याला ‘काही विकू नको’ एवढंच ऐकवणं अन्यायाचं आहे. पण ज्याने त्यात आपला अर्धा खाऊचा पैसा घातला, त्याला न विचारता टेम्पो बोलावणंही तितकंच चूक.

तोडगा वहिनींनी काढला. त्यांनी प्रत्येक वस्तूचा फोटो काढला, एक यादी केली, आणि प्रत्येक वस्तूपुढे तीनच रकाने: कुणाची, चालते का, कुठे जाणार. दोघांनी ‘हो’ म्हटल्याशिवाय वस्तू घराबाहेर जाणार नाही. पण जो ‘नाही’ म्हणेल त्याने ती ठेवायची कुठे आणि कुणाच्या खर्चाने, हे त्याच फोनवर सांगायचं. सांगता आलं नाही तर त्याचं ‘नाही’ धरायचं नाही. भाड्याच्या घरात माळाच नव्हता. ‘मला मुलीच्या अभ्यासाचं टेबल ठेवायला जागा हवी आहे,’ असं त्या धाकट्या दिराला शांतपणे म्हणाल्या. त्यावर त्याचा सूर बदलला. व्यापाऱ्याला रविवारचा टेम्पो आणू नका असं कळवलं.

आईंची भूमिका वेगळीच निघाली. त्या पहिल्यापासून ‘द्या टाकून’ म्हणत होत्या. पण सामुराई कुणाचा यावर मुलं बोलायला लागली, तेव्हा त्या आत गेल्या आणि काकांची, म्हणजे माझ्या मित्राच्या वडिलांची, पावत्यांची फाईल घेऊन आल्या. फ्रिज, मिक्सर, पंखे यांच्या पावत्यांमध्ये सामुराईचीही पावती होती, लक्ष्मी रोडवरच्या दुकानाचा शिक्का असलेली, वडिलांच्या नावाची. ‘बिल यांच्या नावावर आहे, म्हणजे तुमच्या दोघांचाही नाही, माझा आहे,’ त्या म्हणाल्या. त्यांनी हे गमतीत म्हटलं नव्हतं. यादीत सामुराईपुढच्या ‘कुणाची’ या रकान्यात वहिनींनी ‘आई’ लिहिलं आणि पुढचं सगळं सोपं झालं.

देण्याआधी चालू करून बघायचं

जुनं कन्सोल विकायचं असो, द्यायचं असो की टाकायचं असो, ते आधी चालू करून बघायला हवं असा माझा आग्रह असतो. मुख्य कारण किंमत नाही. आत काय उरलं आहे ते चालू केल्याशिवाय कळत नाही.

पहिला अडथळा टीव्हीचा. सामुराई एरियलच्या सॉकेटमधून चित्र देतो, तेही टीव्हीवर चॅनेल शोधून लावावं लागतं. घरातला जुना डबा टीव्ही कधीच एक्स्चेंजमध्ये गेला होता. सोसायटीच्या वॉचमनच्या केबिनमध्ये मात्र चौदा इंची एक चालू अवस्थेत होता. त्याच्या परवानगीने सगळं सामान तिथे नेलं.

कॅसेट लावताना थोरल्याने सवयीने फुंकर मारली. आपल्या पिढीची ही सवय जाता जात नाही, पण ती चुकीची आहे. तोंडातल्या वाफेने कॅसेटीच्या धातूच्या पट्ट्यांवर हळूहळू गंज धरतो. तेव्हा फुंकर मारल्यावर गेम चालू व्हायचा, कारण त्या निमित्ताने कॅसेट काढून पुन्हा घट्ट बसवली जायची. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला इअरबड पट्ट्यांवरून फिरवला की काळं निघतं, दोन-तीन वेळा फिरवला की पट्ट्या चमकायला लागतात. ‘कॉन्ट्रा’ दुसऱ्या प्रयत्नात लागला. वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए: थोरल्याच्या बोटांना ते अजून पाठ होतं आणि तीस लाइफ मिळाल्या.

बंदूकही चालली, आणि त्याच केबिनमध्ये चालली याला कारण आहे. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि जिथे बदक आहे तिथे पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतला संवेदक तो प्रकाश टिपतो. काचेच्या नळीच्या टीव्हीवर हा चौकोन नेमक्या क्षणी उमटतो, म्हणून हिशेब जुळतो. एलसीडी टीव्हीवर चित्र किंचित उशिरा आणि वेगळ्या पद्धतीने तयार होतं, त्यामुळे तिथे हीच बंदूक मुकी. डबा टीव्ही घराबाहेर गेला त्याच दिवशी बंदूक निकामी झाली होती, फक्त कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. एक वस्तू सोडताना तिच्यावाचून दुसरी कुठली चालणार नाही, हे बघून ठेवावं.

मेगा ड्राइव्ह चालला. पीएस वन चालू झाला पण पाऊचमधल्या बऱ्याच सीड्या त्याने वाचल्याच नाहीत. घरी भाजलेल्या सीडीत माहिती रंगद्रव्याच्या थरात असते. उन्हाने तापणाऱ्या स्लॅबखाली इतकी वर्षं ठेवल्यावर तो थर टिकत नाही. काहींवर पावसाळ्यातल्या बुरशीचे कोळिष्टकासारखे डागही होते. पीएसपीचं मागचं झाकण वर आलेलं होतं, कारण बॅटरी फुगली होती. अशी बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला तर मुळीच लावायची नाही. ती बाहेर काढून वाळूच्या डब्यात ठेवली. पीएसपी चार्जरवर, बॅटरीशिवायही चालतो, तसाच चालवून बघितला.

मग गेम बॉय. धाकट्याने डब्लिनहून एवढं एकच मागितलं होतं: ‘माझा पोकेमॉनचा सेव्ह आहे का बघ.’ सेव्ह म्हणजे खेळ जिथवर आला तिथवरची साठवलेली नोंद. कॅमेरा त्या छोट्या पडद्यावर धरला. शीर्षक आलं, संगीत वाजलं, बटण दाबलं. मेनूत ‘न्यू गेम’ आणि त्याखाली ‘ऑप्शन’. सगळ्यात वर ‘कंटिन्यू’ दिसायला हवं होतं, ते नव्हतं.

याचं कारण त्याला समजावून सांगावं लागलं. या कॅसेटीत सेव्ह ज्या चिपवर राहतो ती वीज गेली की सगळं विसरते. तिला जागं ठेवायला आत एक लिथियमचा बटण सेल सोल्डर केलेला असतो. ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ या गेमांत दिवस-रात्र दाखवणारं घड्याळही त्याच सेलवर चालतं, म्हणून तो आणखी लवकर संपतो. सेल संपला त्या दिवशी त्याने गेममध्ये वाढवलेला टायफ्लोजन नावाचा पोकेमॉन आणि बाकी सगळा संघ गेला. कॅसेट जपून ठेवण्यात कुणी कसूर केली नव्हती. ती डबीत, कापसात गुंडाळलेली होती. पण नुसती जपून ठेवल्याने ती वाचणार नव्हती. सेल जिवंत असताना कॅसेट रीडरला लावून सेव्ह संगणकावर उतरवून घेतला असता तरच तो राहिला असता. ज्यांच्याकडे अशा कॅसेटी आहेत त्यांनी हे काम या महिन्यात करावं, पुढच्या वर्षावर टाकू नये.

पीएस टूच्या कार्डाकडून मला फारशी अपेक्षा नव्हती, इतर सगळ्यांना तर नव्हतीच. आठ एमबीचं साधं काळं कार्ड. पण त्याच्या आत फ्लॅश मेमरी असते, तिला सेल लागत नाही. ‘पीईएस ६’ हा २००६ चा फुटबॉलचा गेम लावला. त्याच्या एडिट मोडमध्ये संघांची नावं बदलता येत, नवे खेळाडू बनवता येत, त्यांची उंची, केस, चेहरा सगळं ठरवता येई. भावांनी त्यात सोसायटीचा संघ केला होता. बिल्डिंगमधली पोरं, दोन मावसभाऊ, कोपऱ्यावरचा किराणावाला. आणि गोलकीपर म्हणून वडिलांचं नाव, आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं, उंची १९५ सेंटिमीटर. काका साडेपाच फूट असतील नसतील.

आई तिथेच होत्या. त्यांनी चष्मा लावून ती यादी वाचली, प्रत्येक नाव कुणाचं ते विचारलं. ‘हे यात आहे हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही,’ एवढंच म्हणाल्या.

हे कार्ड व्यापाऱ्याच्या टेम्पोत गेलं असतं. त्याने ते रिकामं करून दुसऱ्या पीएस टूसोबत विकलं असतं, आणि त्यात त्याची चूकही नसती.

सेव्ह उतरवणं अवघड नाही. ‘फ्री मॅकबूट’ हा प्रोग्रॅम घातलेलं वेगळं मेमरी कार्ड माझ्याकडे होतं. त्यावरून पीएस टू चालू केला की कार्डावरच्या फाईली पेन ड्राइव्हवर घेता येतात. फोल्डरचं नाव ‘बीईएसएलईएस’ने सुरू होत होतं, म्हणजे सेव्ह युरोपातल्या आवृत्तीचा. हे बघणं गरजेचं असतं, कारण पीएस टूचे सेव्ह ज्या प्रदेशाच्या गेमचे असतील त्याच प्रदेशाच्या गेममध्ये उघडतात. अमेरिकन आवृत्तीत तो सेव्ह दिसलाच नसता. धाकटा आयर्लंडमध्ये असल्याचा इथे फायदा झाला. त्याने तिथल्या सेकंडहँड दुकानातून ‘पीईएस ६’ची मूळ डिस्क घेतली आणि संगणकावर पीसीएसएक्स २ या एम्युलेटरमध्ये (पीएस टूचे गेम संगणकावर चालवणारा प्रोग्रॅम) तो संघ उघडला. फाईलची एक प्रत थोरल्याकडे, एक त्याच्याकडे, एक वहिनींच्या ड्राइव्हवर.

किमतीचं काय

थोरल्याच्या मनातला आकडा परदेशी साईटवर पाहिलेला होता. असे आकडे जवळपास नेहमीच फसवे निघतात. एक तर ती मागितलेली किंमत असते, मिळालेली नव्हे. झालेल्या व्यवहारांचे आकडे वेगळे काढून बघावे लागतात. दुसरं, ती किंमत खोका, पुस्तिका, मूळ कॅसेट असं सगळं शाबूत असलेल्या संचाची असते. आपल्याकडच्या आठ-बिटी कॅसेटी जवळजवळ सगळ्या नकली, त्यांना परदेशातला संग्राहक विचारत नाही. मेगा ड्राइव्ह आणि ‘पोकेमॉन गोल्ड’ एवढ्या दोनच वस्तूंना खरा भाव होता, आणि पोकेमॉनवर धाकट्याचं ‘नाही’ पडलेलं होतं.

पायरेटेड सीड्यांवरून आमचं थोडं वाजलं. थोरल्याला त्या पीएस वनबरोबर ‘इतके गेम फ्री’ म्हणून द्यायच्या होत्या. मी ठाम नकार दिला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली अशा प्रती विकणं गुन्हा आहे, आणि निम्म्या सीड्या वाचल्याच जात नसताना त्यांच्या जोरावर भाव वाढवणं घेणाऱ्याची फसवणूक आहे. त्या काळी आपण त्या का घेतल्या हे मला माहीत आहे. पुण्यात मूळ डिस्क मिळणं मुश्किल, मिळाली तर किंमत आवाक्याबाहेर. त्या घेणाऱ्या शाळकरी पोरांना मी दोष देत नाही. पण चाळिशीत त्या पुढे विकायच्या नाहीत. पाऊचचे फोटो काढले, कारण मार्करने लिहिलेली ती नावं धाकट्याच्या अक्षरातली होती, आणि सीड्या ई-कचऱ्याच्या पिशवीत गेल्या.

‘नाहीतरी आता सगळं ऑनलाइन मिळतं,’ असं थोरला मध्येच म्हणाला. हा समज फार पसरलेला आहे आणि तो खरा नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासात आढळलं की तिथे प्रसिद्ध झालेल्या जुन्या गेमांपैकी ८७ टक्के तेव्हा कुठल्याही अधिकृत मार्गाने विकत मिळत नव्हते. निन्टेन्डोने २७ मार्च २०२३ ला थ्रीडीएस आणि वी यू या आपल्या कन्सोलचं ऑनलाइन दुकान बंद केलं. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० चं दुकान २९ जुलै २०२४ ला बंद झालं. ‘पीईएस ६’ही आज नवा विकत मिळत नाही, खेळाडूंच्या आणि संघांच्या नावांचे परवानेच कधीचे संपले. म्हणून मूळ डिस्क, मूळ कॅसेट जिथे वापरली जाईल अशा हाती जावी याबद्दल मी आग्रही असतो.

आणखी एक गोष्ट आपण सर्रास फेकतो: खोकी, पुस्तिका, पावत्या. भारतात कुठला गेम कोणत्या दुकानात केवढ्याला मिळत होता याची नोंद फार थोड्या ठिकाणी आहे. जपानी आणि अमेरिकन कन्सोलचा इतिहास तिथल्या लोकांनी स्क्रू मोजून लिहून ठेवला आहे, आपला अजून माळ्यांवर आहे. दुकानाचा शिक्का, छापलेली रुपयांतली किंमत, मराठी-हिंदीतली जाहिरात असं काही हाती लागलं तर ते स्कॅन करावं, कन्सोल ठेवा वा न ठेवा.

कुठे काय गेलं

पीएस टू साताऱ्याला मावसभावाकडे गेला. दर मे महिन्यात तो या घरी यायचा, त्या संघात सेंटर फॉरवर्डला त्याचं नाव आहे, आणि त्याची दोन मुलं आता खेळण्याच्या वयाची आहेत. सोबत मेमरी कार्ड दिलं, चालू असलेले रिमोट दिले, आणि नव्या टीव्हीला बऱ्याचदा एव्ही सॉकेट नसतं म्हणून एचडीएमआय कन्व्हर्टरही घेऊन दिला. तो काही शे रुपयांत मिळतो. कुणाला जुनं कन्सोल देताना एवढं केलं नाही तर आपण त्याच्या माळ्यावर खोकं ठेवून येतो.

पीएस वन आणि पीएसपी तपकीर गल्लीतल्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला दिले. त्याला सुट्या भागांसाठी हवे होते. पैसे थोडे आले. थोरला जरा नाराज झाला, पण त्याने ते मान्य केलं.

फुगलेली बॅटरी, अ‍ॅडाप्टर, कुरतडलेल्या वायरी, सीड्या हे सगळं ई-कचऱ्यात. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत व्हिडिओ गेमही येतात, बॅटऱ्यांसाठी २०२२ चे वेगळे नियम आहेत. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था असा कचरा गोळा करते. दारावरच्या भंगारवाल्याला बोर्ड देऊ नये असं मला मनापासून वाटतं. तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात, आणि तो धूर कुणाच्या तरी पोरांच्या नाकातोंडात जातो.

सामुराईचा निर्णय आईंचा. मला वाटलं होतं त्या तो ठेवतील. त्यांनी पावती ठेवली आणि यंत्र द्यायला सांगितलं. ‘यांनी आणला तो खेळायला आणला होता. मी कपाटात ठेवून काय करू?’ चिंचवडला एक जण जुने डबा टीव्ही जमवतो आणि दर रविवारी आसपासच्या मुलांना खेळायला बोलावतो. बंदूक, कॅसेटी, सामुराई सगळं एकत्र तिकडे गेलं. थोरल्याला देताना अट घालायची होती, पुढे विकायचा नाही म्हणून. मी त्याला तसं करू दिलं नाही. दिलेल्या वस्तूला दोरी बांधून ठेवली तर घेणाऱ्याला तिचा जाच होतो, आणि देणारा वर्षभर चौकशी करत बसतो.

गेम बॉय आणि ‘पोकेमॉन’ धाकट्याचे. कॅसेटीत नवा सेल घातला. टोकाला पत्र्याच्या पट्ट्या जोडलेला सेल घ्यावा लागतो, साधा सेल सोल्डर करू नये, तो तापून फुटू शकतो. ते पार्सल डब्लिनला पोचलं, खर्च त्याने दिला. त्याने नवा खेळ सुरू केला आहे आणि आठवड्याला सेव्ह संगणकावर उतरवून ठेवतो.

मेगा ड्राइव्ह राहिला आहे. त्याला गिऱ्हाईक आहे, नाशिकचं, भावही बरा देतं. थोरला ‘हो’ म्हणतो, धाकटा म्हणतो दिवाळीत येतो तेव्हा एकदा दोघं खेळू, मग ठरवू. भाड्याच्या घरात जागा नाही, म्हणून तोवर तो माझ्याकडे आहे, जागेबद्दल धाकट्याने काही देऊ केलं ते मी घेतलं नाही. महिन्यातून एकदा चालू करतो, कारण नुसता पडून राहिला तर त्याचे कॅपॅसिटर (आतले वीज साठवणारे छोटे भाग) आणखी लवकर जातील. नाशिकच्या गृहस्थांना दिवाळीनंतर कळवतो असं सांगून ठेवलं आहे.